वारसांच्या दारातून आलेला संग्रह

अमृता शेरगिल ५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोरमध्ये वारली, तेव्हा तिचं वय अठ्ठावीस होतं. तिची बरीचशी चित्रं विकली गेलीच नव्हती, ती घरच्यांकडे होती. पुढे नवरा डॉ. व्हिक्टर इगन आणि वडील उमरावसिंग यांच्याकडून ती भारत सरकारकडे आली. १९५४ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय उघडलं, तेव्हा त्याचा गाभा याच चित्रांचा होता. आज तिथे तिची शंभराच्या आसपास कामं आहेत. एका तरुण बाईच्या पश्चात तिच्या माणसांनी जे हातचं सोडलं, त्यावर एका राष्ट्राचा संग्रह उभा राहिला.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींना लोकलने मुंबईला नेऊन संग्रहालयं दाखवणं हा माझ्या शिकवण्याचाच भाग होता. त्यातूनच मला एका गोष्टीचा छंद लागला. चित्राखालच्या पट्टीवर चित्रकाराचं नाव, साल, माध्यम असतं, पण ते चित्र या भिंतीपर्यंत कोणत्या वाटेने आलं, हे मी शोधू लागले. संग्रहालयाचा खरा इतिहास मला त्या वाटांमध्ये दिसतो. कोणाच्या घरून काय आलं, कोणाच्या घरून काहीच आलं नाही, यावरून ठरतं की पन्नास वर्षांनंतर देशाला कोण आठवणार.

दिल्लीचं संग्रहालय जयपूर हाऊसमध्ये आहे, इंडिया गेटजवळ. जयपूरच्या महाराजांचा हा राजधानीतला वाडा १९३६ मध्ये बांधून झाला. मध्ये घुमट आणि दोन्ही बाजूंना वळत गेलेले पंख, असा त्याचा फुलपाखरासारखा आराखडा. २९ मार्च १९५४ रोजी उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी पंडित नेहरूंच्या उपस्थितीत संग्रहालयाचं उद्घाटन केलं. सुरुवातीचा कारभार हर्मान गोएट्झ या जर्मन कलेतिहासकाराकडे होता. त्याआधी त्यांनी बडोद्याचं संग्रहालय घडवलं होतं. पहिलं प्रदर्शन शिल्पांचं होतं. देवीप्रसाद रायचौधरी, रामकिंकर बैज, शंखो चौधरी, धनराज भगत अशांची कामं त्यात होती. स्वातंत्र्याला सात वर्षंही झाली नव्हती. रेशनिंग, निर्वासितांच्या छावण्या, पहिली पंचवार्षिक योजना या साऱ्या धामधुमीत सरकारने चित्रांसाठी राजवाडा दिला, याचं मला आजही फार मोल वाटतं.

अमृताच्या चित्रांचं मुंबईशी जवळचं नातं आहे, आणि ते आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही. बुडापेस्टमध्ये जन्मलेली, पॅरिसमध्ये शिकलेली ही मुलगी १९३४ च्या अखेरीस भारतात परतली. १९३६ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात तिचं प्रदर्शन झालं. तिथे तिला कार्ल खंडालावाला भेटले. पेशाने वकील, पण नजर अस्सल कलासमीक्षकाची. पुढे अमृतावर पुस्तक लिहिणारे हेच. याच प्रवासात तिने अजिंठा आणि वेरूळ पाहिलं. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने तिच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिलं. तिघी शेजारी शेजारी बसलेल्या, तरी कुणाचीच नजर शेजारच्या मुलीकडे नाही आणि पाहणाऱ्याकडेही नाही. लग्नाच्या वयाच्या मुलींच्या चेहऱ्यावरचं ते थांबलेपण माझ्या वर्गातल्या मुली चटकन ओळखायच्या, त्यांना काही समजावून सांगावं लागत नसे.

अजिंठ्यानंतर ती दक्षिणेत गेली आणि १९३७ मध्येच ‘नववधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिण भारतीय खेडूत’ ही तीन मोठी चित्रं तिने रंगवली. यांतली पहिली दोन आज दिल्लीच्या संग्रहालयात आहेत. ‘ब्रह्मचारी’समोर मी सर्वांत जास्त वेळ उभी राहिले आहे. पाच तरुण बसलेले आहेत, त्यांची अंगं सावळी, धोतरं पांढरी. पण ते पांढरं एक नाही. कुठे त्यात पिवळसर झाक आहे, कुठे राखाडी, कुठे हिरवट. मुलं वस्तुचित्रात पांढरा कप काढताना कागद कोरा सोडतात. पांढऱ्यालाही सावली असते, पांढऱ्यालाही शेजारचा रंग लागतो, हे फळ्यावर कितीही सांगितलं तरी उमगत नाही, आणि या चित्रासमोर उभं राहिलं की एका नजरेत कळतं. पॅरिसमध्ये कमावलेला हात आणि अजिंठ्याच्या भिंतींवरचा शांत, भरीव माणूस यांची गाठ तिथे पडली आहे. १९४० चं ‘हळद दळणाऱ्या बायका’ हे त्याच वाटेवरचं पुढचं चित्र. त्यानंतर तिला जेमतेम वर्ष मिळालं.

अजिंठ्याचा धागा या संग्रहालयात आणखी दोन ठिकाणी सापडतो. संग्रहात पेस्तनजी बोमनजी यांचं ‘पोपटाला भरवताना’ हे १८८२ चं तैलचित्र आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून सुमारे तेरा वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत जात आणि तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेत. पेस्तनजी त्या चमूतले. लेण्यांत मिणमिणता उजेड, उन्हाळ्यात अंगाची काहिली, आणि भिंतीवरचा रंग पोपडे धरून सुटत चाललेला. त्या प्रतिकृती लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. मराठी मुलखातल्या गुहांत, मुंबईच्या पोरांनी केलेलं वर्षानुवर्षांचं काम परदेशी गोदामात राख झालं.

दुसरा धागा नंदलाल बोस यांचा. १९०९ मध्ये इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या प्रतिकृती करायला आल्या, तेव्हा कोलकात्याहून आलेल्या तरुणांत नंदलाल होते. अजिंठ्याची रेषा त्यांच्या हातात आयुष्यभर राहिली. १९३० च्या दांडीयात्रेवरचं काठी टेकत निघालेल्या गांधीजींचं त्यांचं लिनोकट आपण सगळ्यांनी पाठ्यपुस्तकांत पाहिलंय. १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुरा इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्यासाठी गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलालांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चारशेच्या आसपास फलकचित्रं केली. ढोल वाजवणारा, वीणावादक, कापूस पिंजणारा. साधे मातीचे रंग आणि दोन-तीन ठसठशीत रेषा. अधिवेशनाला आलेल्या शेतकऱ्याने चालता चालता पाहावीत म्हणून ती केली होती. त्यातली पुष्कळशी आज दिल्लीत आहेत.

नंदलाल १९६६ मध्ये गेले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या घरच्यांकडून त्यांची साडेसहा हजारांहून अधिक कामं संग्रहालयात आली. सबंध संग्रह सतरा हजारांच्या पुढे आहे, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त भाग एकट्या नंदलालांचा. त्यात पोस्टकार्डांवरची रेखाटनं आहेत, चिठोऱ्यांवरची आहेत. रोज काहीतरी काढायचं आणि कुणाला तरी पाठवायचं, ही त्यांची सवय. घरच्यांनी आणि ते जिथे शिकवत त्या शांतिनिकेतनच्या माणसांनी हे कागद सांभाळले. रामकिंकर बैज यांच्या कामांचाही मोठा साठा पुढे याच संग्रहालयात आला. रवींद्रनाथांची चित्रंही इथे भरपूर. बंगालने आपली माणसं अशी जपली, की राष्ट्राला ती घ्यावीच लागली.

आता आपल्याकडे बघा. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार सरकार एखाद्या दिवंगत कलावंताचं काम राष्ट्रीय कलानिधी म्हणून जाहीर करू शकतं. मग ते काम देशाबाहेर विकता येत नाही. आजवर अशी नऊ नावं आहेत: रवींद्रनाथ, गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, शैलोज मुखर्जी, अमृता शेरगिल, राजा रविवर्मा आणि निकोलस रोरिक. यांतल्या एकाही नावाची योग्यता मी कमी मानत नाही. पण जे. जे. मध्ये शिकून, जे. जे. मध्ये शिकवून ज्यांनी चार पिढ्या घडवल्या, त्यांतलं एकही नाव या यादीत नाही. रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत आणि मग मळवलीला होता, त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या देव्हाऱ्यांत होत्या, एवढाच आपला त्यात वाटा.

याचं कारण बंगालच्या अभिमानात शोधणं मला सोपं आणि चुकीचं वाटतं. वसाहतीच्या काळात कोलकात्याच्या समीक्षकांनी मुंबईच्या तैलरंगातल्या वास्तववादी चित्रांना नक्कल ठरवलं आणि पुढच्या इतिहासकारांनी ते बरंचसं तसंच उचललं, हे खरं. पण त्याहून मोठं कारण मला चित्रं जाण्याच्या वाटेत दिसतं. मुंबईचा चित्रकार मागणीनुसार काम करायचा. संस्थानिकांची व्यक्तिचित्रं, दरबाराचे प्रसंग, पुस्तकांसाठी चित्रं, पोस्टकार्डं, जाहिराती. चित्र पुरं झालं की ते घराबाहेर जायचं. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या डोंगरावर १९३८ मध्ये संग्रहालय उभारलं, त्यात रविवर्म्यांपासून महादेव विश्वनाथ धुरंधरांपर्यंतची चित्रं आहेत. सातारा जिल्ह्यातल्या त्या टेकडीवर जाऊन बघाल तर मुंबईच्या चित्रपरंपरेचं तिथे जे दर्शन होतं, ते दिल्लीत होत नाही. गोव्याच्या आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांची चित्रं पाहायची तर पणजीला फुंदासांव ओरिएंतकडे जावं लागतं. वास्तववादी चित्रकार विकून जगला, म्हणून त्याच्या वारसांकडे द्यायला कमी उरलं. हे माझं अनुमान आहे, पण जितकी संग्रहालयं मी पाहिली तितकं ते पक्कं होत गेलं.

आणि यातली सर्वांत बोचणारी गोष्ट तर दिल्लीतच आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस नवी दिल्लीच्या सचिवालयाची सजावट करायची होती. जे. जे. चे ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून नॉर्थ ब्लॉकमधल्या एका समितीकक्षाचं छत रंगवून घेतलं. धुरंधरांनीही तिथल्या कायदा सदस्याच्या दालनासाठी भित्तिचित्रं केली. जयपूर हाऊसपासून हे काही फार लांब नाही. पण ते सरकारी कचेरीच्या आत असल्यामुळे सामान्य माणसाला कधी दिसलंच नाही. त्या इमारतींत आता नवं राष्ट्रीय संग्रहालय करायचं ठरलं आहे. ते छत आणि ती भित्तिचित्रं तेव्हा लोकांसाठी खुली व्हावीत, त्यांच्याखाली चित्रकारांची नावं लागावीत, आणि ती नावं मराठी मुलांनाही वाचता यावीत, ही माझी अगदी मनापासूनची मागणी आहे.

याच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबईची शाखा ज्या इमारतीत आहे, तिची गोष्ट वेगळ्या जातीची. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९११ मध्ये हा सार्वजनिक सभागृहाचा घाट घातला गेला, आराखडा जॉर्ज विटेट यांचा. गेटवे ऑफ इंडिया आणि समोरचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, यांचेही वास्तुकार तेच. या हॉलमध्ये राष्ट्रीय चळवळीच्या सभा झाल्या, येहुदी मेन्युहिन यांचं व्हायोलिन वाजलं. मग शहरात वातानुकूलित सभागृहं आली आणि याची रया गेली. मुष्टियुद्धाच्या लढती, कामगार संघटनांचे मेळावे, लग्नाचे स्वागत समारंभ, चामड्याच्या वस्तूंचे सेल. माझ्या वडिलांनी हा हॉल युनियनच्या सभेचा म्हणूनच पाहिला होता, आणि त्यांच्यासाठी तो अखेरपर्यंत तेवढाच राहिला. त्या सभांनाही मी कमी लेखत नाही. हॉल लोकांचा होता आणि लोक तो वापरत होते.

इथे संग्रहालय व्हावं, हा ध्यास शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि केकू गांधी यांचा. केकूंनी चित्रांच्या चौकटींच्या व्यवसायापासून सुरुवात करून पुढे केमोल्ड गॅलरी चालवली, मुंबईच्या दोन पिढ्यांच्या चित्रकारांना त्यांनी भिंत दिली. दोघांनी सरकारदरबारी खेटे घातले. इमारतीचा कायापालट करायचं काम वास्तुकार रोमी खोसला यांच्याकडे आलं आणि त्याला बारा वर्षं लागली. बाहेरचं विटेटचं रूप तसंच ठेवून आत अर्धवर्तुळाकार मजले एकावर एक चढवले. जिन्याने वळत वर जावं आणि शेवटी घुमटाखाली पोहोचावं, अशी रचना. डिसेंबर १९९६ मध्ये ते लोकांसाठी उघडलं, सरयू दोशी संचालक झाल्या. पिलूताई दहा वर्षांपूर्वीच, १९८६ मध्ये गेल्या होत्या. लोखंडाच्या भंगारातून शिल्पं घडवणाऱ्या त्या बाईला आपण मागितलेली जागा उघडलेली पाहता आली नाही.

मुलांना घेऊन त्या जिन्याने चढताना मी त्यांना एकच काम द्यायची. प्रत्येक मजल्यावर एक चित्र निवडायचं आणि त्याची फक्त रेघ वहीत उतरवायची, रंग नाही. घुमटापर्यंत पोहोचेस्तोवर वहीत पाच कागद व्हायचे. मोठ्या सपाट दालनात मुलं पळतात, या वळणाच्या जिन्यावर ती आपोआप थांबतात. खोसलांच्या रचनेवर टीका करणारे पुष्कळ आहेत, भिंती वक्र, मोठं चित्र लावायला जागा अपुरी, वगैरे. शिक्षिकेच्या नजरेने मला ती जागा उत्तम वाटते.

२०१८ मध्ये याच घुमटाखाली धुरंधरांचं मोठं प्रदर्शन भरलं. सुहास बहुळकर यांनी ते रचलं होतं. कोल्हापुरात १८६७ मध्ये जन्मलेला, १८९० मध्ये जे. जे. त दाखल झालेला आणि तिथेच शिकवून निवृत्त झालेला हा चित्रकार. ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ हे त्यांचं आत्मकथन प्रत्येक चित्रकला शिक्षकाने वाचायला हवं. प्रदर्शनात राजेमहाराजे होतेच, पण मला खिळवून ठेवलं ते रस्त्यावरच्या माणसांच्या छोट्या जलरंगांनी आणि रेखाटनांनी. डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईच्या मानेचा बाक, पागोट्याचा पीळ, काष्ट्याची घडी. शंभर वर्षांपूर्वीची मुंबई कशी उभी राहायची, कशी चालायची, याचा याहून विश्वासू पुरावा दुसरा नाही. त्यांची मुलगी अंबिका धुरंधर स्वतः चित्रकार होती, तिने वडिलांचं काम जपलं. इथेही वाट वारसाच्याच दारातून आली.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, प्रभाकर बरवे यांचं प्रदर्शन झालं. नागावला जन्मलेले, विणकर सेवा केंद्रात नोकरी केलेले, ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे बरवे. त्यांच्या डायऱ्या तिथे मांडल्या होत्या. पान, घड्याळ, शिंपला, लिफाफा अशा साध्या वस्तू मनात कशा बदलत जातात, याची त्यांनी रोज ठेवलेली नोंद. १९९५ मध्ये ते गेले, पण त्या डायऱ्या कुणीतरी सांभाळल्या, म्हणून हे प्रदर्शन होऊ शकलं. उद्घाटनाच्या दिवशी, ८ फेब्रुवारीला, अभिनेते-दिग्दर्शक अमोल पालेकर बोलायला उभे राहिले आणि संग्रहालयाची स्थानिक सल्लागार समिती बरखास्त होण्याबद्दल, बहुतेक मजले संग्रहालयाच्या स्वतःच्या साठ्यासाठी राखून ठेवण्याबद्दल त्यांनी प्रश्न केला. त्यांचं भाषण मध्येच थांबवण्यात आलं. वर्तमानपत्रांत त्यावर खूप लिहून आलं, ते बहुतेक थांबवण्याबद्दल. त्यांचा मूळ प्रश्न मात्र मागे पडला. संग्रहालयाचा साठा लोकांना दिसायलाच हवा, यात वाद नाही. पण मुंबईतल्या भिंतीवर कोण लागणार हे ठरवताना मुंबईचे चित्रकार खोलीत असायला हवेत. साठ्यात ज्यांचं काम कमी, त्यांची प्रदर्शनं बाहेरून चित्रं आणूनच होतात. धुरंधर आणि बरवे ही त्याची उदाहरणं.

दिल्लीच्या संग्रहालयाला २००९ मध्ये नवीन इमारत झाली, प्रदर्शनाची जागा सुमारे सहापट वाढली. त्याच वर्षी बंगळुरूला तिसरं केंद्र माणिक्यवेलू हवेलीत सुरू झालं. दरम्यान बाजार कुठल्या कुठे गेला. अमृताचं १९३७ चं ‘कथेकरी’ सप्टेंबर २०२३ मध्ये लिलावात ६१.८ कोटी रुपयांना गेलं. या भावात कोणतंही सरकारी संग्रहालय उभं राहू शकत नाही. म्हणजे पुढची भर पडायची ती पुन्हा देणगीतून, वारसांकडूनच.

म्हणून ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची चित्रं आहेत, त्यांच्याशी मला बोलायचं आहे. गिरगाव, दादर, पुणे, कोल्हापूर, सांगली, मिरज इथल्या घरांत जे. जे. त शिकलेल्या माणसांचे गठ्ठे माळ्यावर आहेत, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण माझ्या विद्यार्थ्यांनी ते मला आणून दाखवलेत. ते कागद लॅमिनेट करू नका. सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक कागदात पिवळा उतरतो. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. प्रत्येक कागदाच्या मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने चित्रकाराचं नाव, साल आणि चित्रातली व्यक्ती किंवा जागा लिहा, शाईने नाही. घरातलं जे म्हातारं माणूस ती जागा ओळखतं, त्याला आजच विचारा. मग एका वहीत क्रमांक घालून यादी करा, मोबाइलवर प्रत्येकाचा फोटो घ्या, आणि ती यादी घेऊन जवळच्या कला महाविद्यालयात किंवा संग्रहालयात जा. एका ठिकाणी नाही म्हणाले, तर दुसरीकडे जा. यादी तयार असली, की घेणाऱ्याला हो म्हणायला सोपं जातं.